मानेची शस्त्रक्रिया आणि वेदनेचा आगाऊ बंदोबस्त

सोसण्याच्या शक्तीला आमच्या करवीर प्रांतात मोठी प्रतिष्ठा आहे. तालमीत मुरगळलेला खांदा घरी न सांगता दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल मातीत उतरणारा पैलवान आणि अंगात ताप असतानाही उसाच्या फडातून पाऊल मागे न घेणारी बाई यांचे कौतुक आपण सगळेच करीत आलो आहोत, आणि ते कौतुक अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु हीच वृत्ती घेऊन माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो, मानेवर टाके घेऊन वॉर्डात परततो, आणि ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘सोसतंय की डॉक्टर’ एवढे उत्तर देऊन कूस बदलतो, तेव्हा त्या सहनशीलतेने त्याचे नुकसानच होत असते. वेदना सोसणारा माणूस श्वास उथळ घेतो, खोकला दाबतो, आवंढा गिळावयाचे टाळतो, रात्रभर जागा राहतो. त्याचा रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब नुकत्याच शिवलेल्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या मानेस मुळीच मानवत नाही. उलटपक्षी ती वेदना केवळ अफूवर्गीय औषधांनी दाबू गेल्यास मळमळ व उलट्या सुरू होतात, आणि प्रत्येक उमाशासरशी मानेतील शिरांवर ताण येऊन रक्तस्रावाचे भय वाढते. या दोन्ही संकटांतून मधला मार्ग काढणारा उपाय म्हणजे मानेतील मज्जातंतूंनाच काही तासांपुरते बधिर करून ठेवणे, ज्याला इस्पितळात सरसहा ‘ब्लॉक’ म्हणतात. मानेची शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येक रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी या उपायाची माहिती आगाऊ करून घ्यावी, कारण त्याची मागणी करण्याची वेळ शस्त्रक्रियेपूर्वीची असते.

मानेची शस्त्रक्रिया या भागात काही दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाही. थायरॉइडच्या गाठी व गलगंड यांसाठी, आणि त्यातही स्त्रियांवर, ती नित्य होते. निपाणी-कागलच्या तंबाखूच्या पट्ट्यात पुरुषांची चुना-तंबाखू आणि बायकांची मिसरी ही दोन व्यसने पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येथे येतात, आणि त्यांच्या तोंडातील गाठीबरोबर मानेतील लसीकाग्रंथीही पुष्कळदा काढाव्या लागतात. मानेच्या मणक्यातील चकती सरकल्यामुळे समोरून किंवा मागून शस्त्रक्रिया करून घेणारा वर्ग निराळाच. त्यात हिशेबनीसही असतो आणि कुस्तीतल्या पुलाचा जोर मानेवर पेललेला मल्लही असतो.

उपाय नवा वाटला तरी त्याचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला आणि लवकरच अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड याने तेच औषध मज्जातंतूंच्या आसपास टोचून शरीराचा तेवढाच भाग बधिर करण्याची रीत बसविली. या प्रयोगांपायी तो स्वतः कोकेनच्या व्यसनात सापडला, ही त्या शास्त्राने मोजलेली किंमत होय. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर थायरॉइडच्या शस्त्रक्रिया अशाच स्थानिक बधिरतेखाली करीत असे. १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते थायरॉइडवरील कार्यासाठीच, आणि गळ्याच्या खळगीच्या वर आडवा घेतला जाणारा छेद आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. हॉलस्टेडच्या त्या प्रयोगांच्याच सुमारास, १८८६ साली, कोल्हापूर दरबाराने नुकत्याच अमेरिकेतून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षावर नेमणूक केली. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई त्या जागेवर रुजू होऊ शकल्या नाहीत, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे देहावसान झाले. परंतु संस्थानाने स्त्रियांच्या दुखण्याची दखल इतक्या लवकर घेतली होती, हे या शहराने विसरू नये असे मला वाटते. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे सर्वांच्या तोंडचे सी.पी.आर., या नावाने राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. कोकेनची जागा पुढे १९४३ साली सिद्ध झालेल्या लिग्नोकेनने आणि १९५७ मधील ब्युपिव्हकेनने घेतली. ही औषधे व्यसन लावीत नाहीत, आणि दुसऱ्याचा अंमल कित्येक तास टिकतो.

आता प्रत्यक्ष मानेकडे वळू. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळगीकडे तिरका उतरणारा जो जाड स्नायू मान वळविली असता दोरीसारखा वर येतो, त्याच्या मागच्या कडेचा मध्य आपण बोटाने चाचपून पाहावा. मानेच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जारज्जू-नाडीपासून निघालेल्या चार संवेदनवाहक शाखा याच ठिकाणी पृष्ठभागाकडे येतात आणि कोल्हापूरच्या बिंदू चौकातून रस्ते फुटावेत तशा निरनिराळ्या दिशांना जातात: एक कानामागे डोक्याकडे, एक कानाच्या पाळीकडे व जबड्याच्या कोनाकडे, एक आडवी गळ्याच्या पुढल्या भागाकडे आणि एक खाली गळपट्टीच्या हाडावरून खांद्याकडे. भूलतज्ज्ञ या नाक्यावर, त्वचेखाली फार खोल न जाता, सौम्य प्रमाणातील ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन एका बाजूस साधारणतः ८ ते १० मिलिलिटर सोडतो. थायरॉइडचा छेद मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस जात असल्यामुळे तेथे दोन्ही बाजूंस सोडावे लागते. बहुधा हे काम संपूर्ण भूल दिल्यानंतर, छेद घेण्यापूर्वी किंवा शेवटचा टाका पडल्यावर रुग्ण जागा होण्यापूर्वी केले जाते, त्यामुळे सुई टोचल्याचे रुग्णास कळतही नाही. मानेतील रक्तवाहिनीवरील काही शस्त्रक्रिया तर रुग्णास जागा ठेवून केवळ अशा बधिरतेखाली केल्या जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३५२६ रुग्णांच्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत ती रीत संपूर्ण भुलेच्या तोडीची ठरली.

जागे झालेल्या रुग्णास पहिली नवलाची गोष्ट आढळते ती गळ्याशी नव्हे, कानाशी. शस्त्रक्रियेपूर्वी उतरवून ठेवलेल्या कुड्या पुन्हा घालावयास बाई हात वर नेतात आणि पाळी चिमटीत धरूनही ती स्वतःची आहे असे त्यांना वाटत नाही. ‘कान मेला काय हो माझा?’ असे घाबऱ्या स्वरात विचारणाऱ्या बाईंना मी नेहमी सांगतो की, कान मेला नाही, तो झोपला आहे, आणि ही औषधाने आपले काम बजावल्याची खूण आहे. बधिरता साधारणतः ६ ते १२ तासांत उतरते. औषध, मात्रा आणि प्रकृती यांप्रमाणे तीत कमीअधिक होते. छेदाच्या वरच्या त्वचेचा थोडा पट्टा मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे सुन्न राहतो. त्याचे कारण ब्लॉक नसून छेदाबरोबर कापल्या गेलेल्या बारीक तंतुशाखा हे असते.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावयाची आहे, कारण तिच्या अज्ञानापायी चांगल्या उपायाची नाहक बदनामी होते. हा ब्लॉक छेदाची, म्हणजे त्वचेची व तिच्या लगतच्या भागाची वेदना हरतो. मानेत जे जे दुखते ते सारे नव्हे. श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा खवखवतो आणि गिळताना टोचते, त्याला ब्लॉक काही करू शकत नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत खांद्यांखाली उशी देऊन मान दोनअडीच तास मागे ताणून ठेवलेली असते, त्याने मानेच्या मागे आणि डोक्यात जी ठणक लागते ती निराळ्या तंतूंची आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेत छेद समोरून असल्यास हाच ब्लॉक उपयोगी पडतो, मागून असल्यास पाठीच्या स्नायूंच्या थरांत औषध सोडण्याचे निराळे प्रकार योजावे लागतात आणि त्यांस अधिक सराव लागतो. ब्लॉक म्हणजे वेदनेचा समूळ नायनाट अशी अपेक्षा धरणारा रुग्ण निराश होतो. पहिल्या दिवसाची वेदना लक्षात येण्याजोगी कमी होणे आणि अफूवर्गीय औषधांची गरज घटणे एवढे त्याचे खरे माप आहे, आणि माझ्या मते ते मुळीच थोडके नाही. त्याच्या जोडीला पॅरासिटॅमॉल व प्रसंगी अन्य वेदनाशामक गोळी ठरल्या वेळी घ्यावयाचीच असते.

या ब्लॉकचा एक खोल प्रकारही आहे, ज्यात औषध मणक्याच्या कडेशी नेऊन सोडतात. केवळ वेदनाशमनासाठी त्याची सहसा आवश्यकता नसते. श्वासपटलाकडे जाणारी नाडी याच परिसरातून उतरते. ती बधिर झाल्यास एका बाजूचे श्वासपटल काही तास मंदावते, आणि दोन्ही बाजूंची झाल्यास श्वासास धोका निर्माण होतो, म्हणून खोल ब्लॉक दोन्ही बाजूंस देणे टाळतात. मेंदूस रक्त पुरविणारी धमनीही तेथून हाकेच्या अंतरावर असते. दम्याने किंवा जुन्या धुरकट चुलीपायी छाती खराब झालेल्या रुग्णाने ‘माझा ब्लॉक वरचा की खोल?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. तो विचारल्याने कोणाचाही अवमान होत नाही. वरच्या ब्लॉकमध्येही औषध थोडे पसरून कधी आवाज घोगरा होतो, कधी एका डोळ्याची पापणी किंचित झुकते व बाहुली लहान दिसते, कधी खांदा उचलावयास जड जातो. औषधाचा अंमल सरताच हे सारे पूर्ववत होते. तथापि शस्त्रक्रियेनंतर आवाजाची आणि खांद्याची तपासणी करून संबंधित नाड्या शाबूत असल्याची खात्री शल्यविशारदास करून घ्यावयाची असते, सबब ब्लॉक केव्हा द्यावयाचा हे त्याच्या व भूलतज्ज्ञाच्या विचाराने आधीच ठरलेले बरे.

मुंग्यांचे तीन प्रकार घरच्या माणसांनी नीट ओळखून ठेवावेत, कारण तिन्हींचा अर्थ तीन वाटांचा आहे. कानाची पाळी, जबड्याचा कोन, गळा आणि खांद्याचा माथा येथे येणारी सुन्नता ही ब्लॉकची आहे. तिचे भय नको. औषध चुकून रक्तात अधिक मिसळल्यास येणाऱ्या मुंग्या टोचल्यापासून काही मिनिटांतच ओठांभोवती जाणवतात, जिभेवर धातूची चव येते, कानांत घंटा वाजू लागतात आणि पुढे झटकेही येऊ शकतात. हे संकट विरळा असून त्यावर २० टक्के स्निग्ध द्रवाचे शिरेवाटे द्यावयाचे औषध शस्त्रक्रियागृहात तयार ठेवलेले असावे लागते. तिसरा प्रकार संपूर्ण थायरॉइड काढल्यानंतर एक ते तीन दिवसांत दिसतो: ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांस मुंग्या, हातापायांत गोळे. तो कॅल्शियम कमी झाल्याचा इशारा आहे. त्यास ‘त्या इंजेक्शनचा परिणाम असेल’ म्हणून अंगावर काढणे ही घातक चूक होय, आणि घरोघरी होते ती नेमकी हीच.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाकडे तपासणी होते. या भेटीस आपल्याकडे कागदावर शिक्का मारून घेण्याइतकेच महत्त्व दिले जाते, हे मला फार खटकते, कारण वेदनेची सारी तजवीज तेथेच ठरते. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या त्यांच्या पाकिटांसह न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मग त्या साध्या अ‍ॅस्पिरिनच्या का असेनात, प्रथम सांगाव्यात, आणि कोणाच्या सल्ल्यावाचून स्वतः बंदही करू नयेत. पूर्वी दात काढताना दिलेल्या इंजेक्शनने चक्कर, पुरळ वा धाप लागली असल्यास, मूत्रपिंड, यकृत वा हृदय यांचा विकार असल्यास, आणि पूर्वीपासून आवाज बसलेला असल्यास तेही सांगावे. आपले खरे वजन सांगावे, कारण औषधाची मात्रा त्यावरून ठरते. मग सरळ विचारावे: ‘मला मानेचा ब्लॉक देता येईल का? देणार नसाल तर दुखण्याची दुसरी काय व्यवस्था?’ भूलतज्ज्ञ नकार देतील तर त्याचे कारण समजून घ्यावे. टोचावयाच्या जागी जंतुसंसर्ग असणे, औषधाची अ‍ॅलर्जी असणे ही रास्त कारणे आहेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात ब्लॉकचा उल्लेख आहे की नाही हे घरातील वाचत्या माणसाने पाहावे. उपाशी राहण्याच्या हुकुमाचाही येथे घोटाळा होतो: जेवण शस्त्रक्रियेच्या किमान सहा तास आधी थांबवावयाचे, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, आणि दुधाचा चहा हा पाण्यात नव्हे, जेवणात मोडतो.

औषध नेमक्या थरात पडावे म्हणून हल्ली सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत ब्लॉक देतात. पैलवानी, जाड मानेत तर हे साधन फारच उपयोगी. परंतु गर्भलिंगनिदानास बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्यान्वये असे प्रत्येक यंत्र नोंदलेले असावे लागते, आणि ज्या कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण बसविण्याचा उपक्रम राबविला गेला तेथे या नियमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. सबब लहान दवाखान्यात भूलतज्ज्ञाच्या हाताशी यंत्र नसेल तर त्यात कमीपणा मानू नये. वरचा ब्लॉक अनुभवी हाताने केवळ स्नायूच्या कडेच्या खुणेवरूनही सुरक्षितपणे देता येतो.

बधिरता ओसरते ती पुष्कळदा मध्यरात्रीस, आणि तेव्हा वेदना एकदम उसळून आल्यासारखी वाटते. तिची वाट पाहत बसू नये. दुखत नसतानाच, लिहून दिलेल्या वेळी पॅरासिटॅमॉलची मात्रा घ्यावी, मात्र सर्दी-अंगदुखीच्या इतर गोळ्यांतही तेच औषध असते हे ध्यानात ठेवून प्रौढ माणसाने २४ तासांत एकंदर ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. कृश प्रकृतीच्या किंवा यकृत दुबळे असलेल्या माणसास ती मर्यादा याहूनही कमी असते. सुन्न त्वचेस चटका कळत नाही, म्हणून मीठ-विटकरीचा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी मानेशी नेऊ नये, आणि पुरुषांनी त्या दिवशी वस्तरा लावू नये. उशा देऊन डोके उंच ठेवावे. भेटीस येणारी मंडळी प्रेमाने डबा आणतात. त्यातला तांबडा रस्सा काही दिवस दूर ठेवून मऊ भात, कोमट पांढरा रस्सा, ताक असे गिळावयास सोपे ते द्यावे.

वेदना बधिर असली तरी श्वास बधिर नसतो, हे रात्री जागणाऱ्या सोबतीने मनाशी पक्के धरावे. मान पाहता पाहता फुगू लागली, गळ्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटले, आडवे निजवेना, आवाज बदलला, श्वासाला घरघर लागली, अथवा जखमेच्या निचऱ्याच्या नळीत ताजे लाल रक्त झपाट्याने भरू लागले, तर त्या क्षणी परिचारिकेस उठवावे. सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. आतला रक्तस्राव बहुतांशी पहिल्या २४ तासांत होतो. सिंधुदुर्गातून घाट चढून किंवा चिकोडी-संकेश्वरकडून येथे आलेल्या रुग्णांना घरी परतण्याची मोठी घाई असते, गाडीवाला खोळंबलेला असतो, गोठ्यातली जनावरे दुसऱ्याच्या हवाली केलेली असतात. तरीही टाके कोरडे आहेत आणि ब्लॉकमुळे दुखत नाही एवढ्या भांडवलावर त्याच संध्याकाळी गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट उतरू नये. निदान ती एक रात्र रुग्णालयात काढावी. महाराष्ट्रातील रहिवाशांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन दाखल होण्यापूर्वीच करावी, म्हणजे खर्चाच्या धास्तीने कोणी अवेळी सुट्टी मागणार नाही. घरी गेल्यावर वरीलपैकी एखादे लक्षण दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि शस्त्रक्रियेची तारीख, ब्लॉकचे औषध व ते दिल्याची वेळ लिहिलेला सुट्टीचा कागद रुग्णाच्या सोबत द्यावा.